दाखले पुरे, आता पूर्ण जबानी वाचू

इतिहासावरून वाद पेटला की कोणीतरी एखाद्या परदेशी प्रवाशाला साक्षीला उभे करतो. ‘खुद्द मार्को पोलोने लिहून ठेवले आहे’ असे म्हटले की समोरच्याचे तोंड बंद होईल, अशी त्याची खात्री असते. मग समोरचा त्याच पुस्तकातले दुसरे वाक्य काढतो, नाहीतर ‘हे सगळे थापाडे होते’ म्हणून विषय झटकून टाकतो. मध्ययुगात युरोपातून पूर्वेकडे आलेल्या माणसांच्या लेखनाची आपण एवढीच किंमत केली आहे. स्तुती असेल तर मिरवायची, निंदा असेल तर लेखकाला शिव्या घालायच्या. माझे म्हणणे असे की ही माणसे आपल्या भूमीची साक्षीदार आहेत. साक्षीदाराची जबानी अथपासून इतिपर्यंत वाचायची असते आणि नंतर त्याची उलटतपासणी घ्यायची असते. सोयीची ओळ कापून घेणारा इतिहासाची नासाडी करतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

पोलोपासूनच सुरुवात करू. ‘लार’ नावाच्या प्रांतातले ब्राह्मण व्यापारी जगात सर्वांत सचोटीचे, काही झाले तरी खोटे बोलणार नाहीत, असे त्याच्या पुस्तकात आहे. हे वाक्य आपल्याकडे फार लाडके. त्याच प्रकरणात पुढे तो सांगतो की हे व्यापारी शकुनाशिवाय व्यवहार करत नाहीत, उन्हात स्वतःची सावली केवढी पडली ते बघून सौदा ठरवतात. ते वाक्य कोणी उचलत नाही. ठाण्याच्या राजाबद्दल त्याच पुस्तकात जे आहे ते तर त्याहून कमी उचलले जाते. ठाण्याचा राजा समुद्रावरच्या चाच्यांना सामील आहे, लुटीतले घोडे सगळे राजाचे आणि उरलेला माल चाच्यांचा असा त्यांच्यात करार आहे, आणि हे राजाला शोभत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

आता उलटतपासणी. हे पुस्तक पोलोने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही. 1298 मध्ये जिनोआच्या कैदेत असताना त्याने सांगितले आणि पिसाच्या रुस्तिकेल्लोने लिहून घेतले. हा रुस्तिकेल्लो राजा आर्थरच्या शूरवीरांच्या कथा लिहिणारा माणूस. मूळ प्रत हरवली. आज ज्या दीडशेच्या घरात हस्तलिखिते उरली आहेत, त्यांच्यात एकमेकांशी न जुळणारा मजकूर भरपूर आहे. पोलो ठाण्याच्या बंदरात उतरला होता की गलबतावरच्या लोकांकडून ऐकून बोलला, हेही मजकुरावरून ठरत नाही. एवढे सगळे लक्षात घेतल्यावर घोड्यांच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा का?

मी ठेवतो, आणि त्याचे कारण पोलोचे मोठे नाव हे नाही. पोलोनंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1470 च्या सुमारास, त्वेर गावचा अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्यापाशी विकायला एक घोडा होता, शंभर रुबल पडलेला. त्याच्या टिपणात आहे की या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. घोड्यांना हरभरा देतात, साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, हेही त्याने टिपून ठेवले. व्हेनिसचा एक, व्होल्गाकाठचा दुसरा, दोघांची भाषा वेगळी, पंथ वेगळा, मध्ये कित्येक पिढ्यांचे अंतर, आणि तरीही कोकण किनाऱ्यावर घोड्याला काय मोल होते यावर दोघांचे एकमत. बाहेरून येणारा घोडा म्हणजे सत्ता, असा तो काळ होता. जुन्नरच्या असदखानाने निकितीनचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली, त्यावरूनही ते दिसते. महंमद नावाच्या एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. यातला अर्धाच भाग सांगणारे दोन्हीकडे सापडतील. एक जण असदखानावर थांबेल, दुसरा फक्त महंमदचे नाव घेईल. निकितीनने दोघांनाही जागा दिली आहे.

चूक करणारा साक्षीदारही उपयोगी पडतो. पोलोच्या पुस्तकात आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्लीच्या राज्यावर एका राणीचा अंमल आहे, ती मोठी शहाणी आणि न्यायी आहे आणि नवऱ्याच्या मागे ती राज्य चालवते, असे आहे. ती राणी म्हणजे काकतीय घराण्याची रुद्रमादेवी. तिला राज्य मिळाले ते वडिलांकडून, गणपतिदेवाकडून. नाते चुकले, पण राणी खरी. मोटुपल्लीचे बंदरही खरे. परदेशी व्यापाऱ्यांना अभय देणारा गणपतिदेवाचा 1244-45 चा शिलालेख तिथे आहे. मग प्रश्न पडतो की बंदरावरच्या लोकांनी परक्या व्यापाऱ्याला ‘विधवा राणी’ असे का सांगितले असेल? वडिलांची गादी मुलीने चालवणे त्यांना सांगायला अवघड गेले, की ऐकणाऱ्याला समजायला? चुकीच्या तळाशी असे प्रश्न असतात, आणि इतिहासाचे खरे काम तिथून सुरू होते.

जॉर्डानसचे लेखन तर या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. जॉर्डानस काताला हा डॉमिनिकन पंथाचा फ्रेंच धर्मोपदेशक 1321 मध्ये ठाण्यात होता आणि 1329 मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. त्याच सुमारास त्याने पूर्वेकडच्या नवलांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात फणस आहे, नारळ आहे, ताडी आहे, आंबा आहे. आंब्याची गोडी शब्दांत सांगता येत नाही, असे तो म्हणतो. पारशांचे नाव न घेता त्याने त्यांचे वर्णन केले आहे: हे लोक अग्नीला भजतात, मृतांना पुरत नाहीत की जाळत नाहीत, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवतात, आणि सत् व असत्, प्रकाश व अंधार अशी दोन मूलतत्त्वे मानतात. किती नेमके आहे हे! आफ्रिकेकडच्या ‘तिसऱ्या हिंदुस्थाना’बद्दल लिहायची वेळ आली तेव्हा तो आधीच सांगून टाकतो की तिथे मी गेलेलो नाही, विश्वासू माणसांकडून ऐकले आहे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणारा साक्षीदार कुठल्याही काळात दुर्मीळच.

हा जॉर्डानस म्हणतो की इथले लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायात थोर आहेत. प्रशस्तिपत्र हवे असलेल्याला यापेक्षा काय हवे? दाखला देणारे इथेच पूर्णविराम देतात. जॉर्डानसचे वाक्य मात्र तिथे संपत नाही. प्रत्येक माणसाचे त्याच्या दर्जाप्रमाणे जे अधिकार पूर्वापार चालत आले आहेत ते हे लोक काटेकोरपणे राखतात, असे तो पुढे म्हणतो. त्या दर्जाच्या तळाशी कोण होते, तेही त्याच पुस्तकात आहे. ‘डुंब्री’ म्हणून काही लोक आहेत, ते मेलेल्या जनावरांचे मांस खातात, त्यांना पूजेला दैवत नाही, इतरांची कष्टाची कामे त्यांना करावी लागतात आणि ओझी वाहावी लागतात. एका मेलेल्या पुरुषाबरोबर पाच जिवंत स्त्रिया चितेवर गेलेल्या आपण पाहिल्या, असेही तो लिहितो. ‘न्यायात थोर’ ही ओळ ज्याला मिरवायची आहे त्याने हेही वाचावे. आणि ज्याला जॉर्डानसच्या आधारे हा सगळा समाजच क्रूर ठरवायचा आहे, त्याने खरेपणाची आणि स्वच्छतेची ओळ खोडून दाखवावी. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच समाजाबद्दल, एकाच छोट्या पुस्तकात लिहिल्या आहेत.

जॉर्डानस इथे का आला होता हेही विसरून चालणार नाही. माणसांना ख्रिस्ती करणे हे त्याचे काम होते आणि ते तो लपवत नाही. ठाण्याहून धाडलेल्या पत्रात तो म्हणतो की पोपने या समुद्रात नुसती दोन गलबते ठेवली तरी केवढा लाभ होईल आणि अलेक्झांड्रियाच्या, म्हणजे इजिप्तच्या, सुलतानाचे केवढे नुकसान होईल. फ्रान्सचा राजा मनात आणील तर कोणाच्या मदतीवाचून सगळे जग जिंकून ख्रिस्ती करील, असेही त्याच्या पुस्तकात आहे. पोर्तुगीज गलबते कालिकतला लागायच्या पावणेदोनशे वर्षे आधीचा हा विचार आहे. आंब्याचे कौतुक आणि आरमाराची मसलत एकाच लेखणीतून उतरली. साक्षीदाराचा हितसंबंध कळला की त्याचे कोणते बोलणे तावून-सुलाखून घ्यायचे ते ठरवता येते. आरमाराच्या गोष्टीत त्याचा स्वार्थ होता. मनोऱ्यावरच्या मृतदेहांबद्दल किंवा ओझी वाहणाऱ्या माणसांबद्दल खोटे सांगून त्याला काही मिळणार नव्हते.

1321 सालच्या ठाण्याच्या घटनेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जॉर्डानसबरोबर फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मोपदेशक होते: तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो दुभाष्याचे काम करी. ठाण्यातल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. जॉर्डानस पुढे गेलेला असताना एप्रिल महिन्यात या चौघांना ठार मारण्यात आले. काजीसमोर धर्मावर वाद झाला, तो विकोपाला गेला, आणि शहराच्या अधिकाऱ्याने त्यांना मारवले. जॉर्डानसने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक हा इटालियन फ्रान्सिस्कन ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी काढल्या आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. परत गेल्यावर 1330 मध्ये पादुआत त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला.

या घटनेत आजच्या भांडणांसाठी भरपूर दारूगोळा आहे, हे उघड आहे. एकाला त्यात मुसलमान अधिकाऱ्याचा जुलूम दिसेल, दुसऱ्याला मिशनऱ्यांचा आगाऊपणा. ओदोरिकच्याच वृत्तांतात पुढे आहे की दिल्लीच्या सुलतानाने त्या अधिकाऱ्याला या कृत्यासाठी देहांत शासन केले. पेटत्या आगीतून जेम्स न भाजता बाहेर आला, असा चमत्कारही त्यात आहे. शहिदांची कथा तशीच सांगायची त्या काळची रीत होती. हे सगळे बाजूला ठेवून प्रकरण सुरू कशाने झाले ते पाहा. ज्या घरात हे पाहुणे उतरले होते तिथे नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती उठून काजीकडे फिर्याद घेऊन गेली. काजीने विचारले, पुरावा काय? तिने सांगितले, घरात चार फिरंगी धर्मोपदेशक होते, त्यांना विचारा.

सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यातली एक ख्रिस्ती बाई, मार खाल्ल्यावर मुसलमान काजीच्या दारात उभी राहते आणि घरात उतरलेल्या पाहुण्यांना साक्षीदार म्हणून पुढे करते. तिचे नाव कोणी लिहिले नाही. ओदोरिकच्या दृष्टीने ती कथेची सुरुवात करून देणारी एक व्यक्ती, त्यापलीकडे काही नाही. मला मात्र ही चार वाक्ये त्या सबंध वृत्तांतातली सर्वांत किमती वाटतात. त्यात रंग भरून ओदोरिकला काही साधायचे नव्हते, म्हणून ती बरीचशी विश्वासार्हही आहेत. ठाण्यातल्या शहीद धर्मोपदेशकांवर लिहिले जाते, तसे या बाईवर लिहिले गेले पाहिजे. बायकांना फिर्यादीची कोणती दारे उघडी होती आणि ती कोणत्या शहरात, कोणत्या राजवटीत होती, याचा शोध अशा ओळींवरून घ्यावा लागतो.

ओदोरिकने ठाण्याबद्दल थापाही मारल्या आहेत. हे पोरसाचे शहर, त्याने अलेक्झांडरशी युद्ध केले, असे तो बिनधास्त सांगतो. पंजाबचा राजा त्याने कोकणात आणून बसवला. त्याच परिच्छेदात ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, कुत्रीच त्यांना धरतात, असेही आहे. युरोपातल्या वाचकाला हे पोरसाइतकेच अद्भुत वाटले असणार. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या चाळीत राहिलेल्या माणसाला विचारा, तो क्षणात सांगेल: घूस! अतिशयोक्ती आहे, पण गटाराशेजारी रात्री घूस दिसली की मांजर कसे अंग चोरून बाजूला होते, ते पाहिलेल्याला या ओळीत खोटे काही वाटणार नाही. कबुतराएवढी वटवाघळेही त्याने नोंदली आहेत, तीही इथल्या माणसाला नवीन नाहीत.

पुढे काय झाले ते तर फारच बोलके आहे. 1350 नंतर ‘सर जॉन मँडेव्हिल’ या नावाने एक प्रवासवर्णन युरोपभर पसरले. लिहिणारा खरा कोण होता हे ठरलेले नाही, आणि पूर्वेकडचा बहुतेक मजकूर त्याने ओदोरिकवरून उतरवून घेतला. त्यात ‘चाना’ नावाचे बेट आहे, तिथल्या राजाने अलेक्झांडरशी युद्ध केले होते आणि तिथे शिकारी कुत्र्यांएवढे उंदीर आहेत. हे आपले ठाणेच. पाहिलेल्या माणसाचे बोलणे न पाहिलेल्याने उचलले, वर स्वतः पाहिल्याचा आव आणला, आणि त्याचे पुस्तक पोलोपेक्षाही जास्त प्रतींमध्ये युरोपात फिरले. लोकांना खात्रीपेक्षा रंगत आवडली. आज एखादे वाक्य कुठून आले हे न विचारता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

‘थापाडे होते’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मंगोलांकडे गेलेल्या रुब्रुकच्या विल्यमने 1254 च्या सुमारास तिथल्या लोकांना मुद्दाम विचारले होते की जुन्या ग्रंथांत लिहिलेले राक्षसी आकाराचे लोक कुठे आहेत? आम्ही तसले काही कधी पाहिले नाही, असे उत्तर आल्यावर त्याने त्या ग्रंथांबद्दल शंका नोंदवली. पोपचा दूत म्हणून पूर्वेला आलेल्या आणि कोल्लमला राहून गेलेल्या मारिन्योल्लीने तर एकाच प्रचंड पायाच्या सावलीत झोपणाऱ्या माणसाची दंतकथा मोडून काढली. हिंदुस्थानातले लोक ऊन-पावसासाठी दांड्याला लावलेले कापडी छत वापरतात, कवींनी त्याचाच पाय केला, असे तो म्हणतो आणि तसली एक छत्री आपण फ्लॉरेन्सला ठेवली असल्याचेही सांगतो. याउलट निकितीनच्या टिपणात रात्री ओरडणारा एक पक्षी आहे. तो ज्या घरावर बसेल तिथे माणूस मरतो आणि कोणी मारायला गेले तर त्याच्या तोंडातून आग निघते. माकडांचा राजा आहे आणि त्याचे सैन्यही आहे. हे त्याने रशियातून आणलेले नाही. घुबडाच्या ओरडण्याची भीती आणि वानरसेना त्याला इथेच, बिदर-जुन्नरच्या वाटेवर, कोणीतरी सांगितली. परक्याच्या लेखनातली अद्भुते पुष्कळदा आपल्याच तोंडची असतात.

प्रवासी जे लिहीत नाहीत त्याचेही भान हवे. पोलो आपल्या किनाऱ्याजवळून गेला तो 1290 नंतरच्या तीन-चार वर्षांत. देवगिरीवर रामदेवरावाचे राज्य होते आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती. पोलोच्या पुस्तकात ज्ञानेश्वरी तर नाहीच, देवगिरीही नाही. बंदरावरच्या बाजाराला जे ठाऊक तेवढेच त्याला ठाऊक. म्हणून ‘एकाही परदेशी प्रवाशाने उल्लेख केलेला नाही’ असा मुद्दा करून कोणी काही नाकारू पाहील तर तो मान्य करण्याचे कारण नाही.

मग आपल्या घरचे ताम्रपट, शिलालेख, महानुभावांचे गद्य असताना या परक्यांच्या डोळ्यांनी कशाला पाहायचे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि घरची साधने पहिली, हे मलाही मान्य आहे. पण ताम्रपटात दान कोणी कोणाला दिले ते असते. मार खाऊन काजीकडे गेलेली बाई त्यात नसते. निकितीन लिहितो की बिदरकडचा मुलूख दाट वस्तीचा आहे, खेड्यांतली माणसे फार उघडी-वाघडी आहेत आणि सरदार श्रीमंत व डामडौलाचे आहेत. हिंदुस्थानात चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, लग्न करत नाही, असेही त्याने टिपले. दरबारातल्या कवीला हे लिहायची गरज नव्हती, कारण ज्यात तो जन्मला ते त्याच्या डोळ्यांत भरत नव्हते. निकितीनला चौलमध्ये लोक गोरा माणूस म्हणून मागे लागून पाहत होते आणि तोही त्यांना पाहत होता.

माझी मागणी साधी आहे. जॉर्डानस, ओदोरिक आणि निकितीन यांचे आपल्या मुलखाबद्दलचे सगळे लेखन मूळ लॅटिन आणि जुन्या रशियनवरून, एकही ओळ न गाळता, टिपांसह मराठीत विद्यार्थ्यांच्या हाती पडावे. टिपा एकट्या इतिहासकारांनी लिहू नयेत. वनस्पतीच्या जाणकाराने, कोळीवाड्यातल्या माणसाने, घाटवाटा तुडवलेल्या गिर्यारोहकाने, पारशी आणि ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक) समाजातल्या वडीलधाऱ्यांनी त्यात भर घालावी, कारण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संपादकांकडे नव्हते ते ज्ञान यांच्याकडे आहे. विद्यापीठे, ठाणे आणि वसई-विरारसारख्या महापालिका, जिल्ह्याजिल्ह्यांतली इतिहास मंडळे यांना हे काम झेपणारे आहे. आणि शाळेत ‘कोणता प्रवासी कोणाच्या काळात आला’ ही जोडी पाठ करून घेणे थांबवावे.

त्याऐवजी जुन्नरच्या नववीच्या वर्गात निकितीनचा जुन्नरवरचा मजकूर ठेवावा. चौलहून पालीला आठ दिवस, पालीहून उमरीला दहा दिवस आणि तिथून पुढे जुन्नर, असा त्याचा मार्ग आहे. शहर एका कातळावर आहे, तटबंदी माणसाने बांधलेली नाही, देवानेच घडवली आहे, वर चढायला एक दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत, असे तो म्हणतो. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत लोक नांगरट करून गहू, भात, हरभरा पेरतात, असेही म्हणतो. मुलांनी सांगावे: हे वर्णन शिवनेरीचे की जीवधनचे, हडसरचे की चावंडचे? शिवनेरी चढायला दिवस लागतो का? पाली ते जुन्नर इतके दिवस कसे लागले, आणि मध्ये तो कोणत्या घाटाने वर आला असेल? गहू आणि भात एकाच हंगामात पेरतात का, की पावसाळ्यातले आणि नंतरचे असे दोन्ही पेरे त्याने एकत्र केले? ज्यांच्या घरी शेती आहे ती मुले शेवटच्या प्रश्नाला शिक्षकांच्याही आधी हात वर करतील.